ता. क. च्या दोन ओळी

आदरणीय बाईंना नमस्कार,

साखळीजवळच्या गावातून लिहिते. माझ्या मुलीला पंधरा पूर्ण झाली, यंदा दहावीची परीक्षा दिली. सहावीपासून लांब उडी मारते. दोन वर्षं राज्यात पहिली आहे. यंदा राज्य स्पर्धेत ५.३१ मीटर गेली, त्या कागदाचा फोटो सोबत पाठवते. पुढे गोव्याकडून बाहेर खेळायला गेली तिथे ५.१८ झाली आणि अकरावी आली. पहिल्या आठात नाही म्हणून तीनच उड्या मिळाल्या. रडत परत आली. तिथे बेंगळुरूच्या एका कोचनी तिला बघितलं. म्हणाले, पायात स्प्रिंग आहे, जूनमध्ये आणून सोडा, तिहेरी उडीवर घेतो, तीन वर्षांत इंडिया कॅम्पला जाईल. हॉस्टेल आणि कोचिंग मिळून महिना अठरा हजार.

तिचे बाबा पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचे, आता एका शाळेची बस चालवतात. त्यांचं म्हणणं, उड्या मारून पोट भरत नाही, सायन्स घे आणि नर्सिंगला जा. ती म्हणते, पाठवलं नाही तर उडीच सोडते. दोन महिने घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. जिममधल्या एका मुलाने तिला पावडरचा डबा दिलाय, रोज दोन चमचे घेते. तुम्ही स्वतः उडी मारलेली आहे. तिचं काही होईल का आणि पाठवू का, एवढं सांगा.

ता. क. फेब्रुवारीपासून डाव्या पायाची नडगी दुखते म्हणते, पण सरावाला जाते. आणि डिसेंबरपासून पाळी आलेली नाही, परीक्षेच्या टेन्शनने असेल.

एक आई

ताई, नमस्कार.

जागा वाचवायला तुमचं चार पानी पत्र वर कापून दिलंय. मूळ पत्रात बेंगळुरूवर दीड पान आहे, यजमानांवर जवळजवळ एक, आणि ता. क. मध्ये दोन ओळी. मी त्या दोन ओळींपासून सुरुवात करते. बाकीचं सगळं थांबू शकतं, हे थांबणार नाही.

आज संध्याकाळी मुलीला खुर्चीवर बसवा आणि म्हणा, कुठे दुखतं ते दाखव. कशी दाखवते तिकडे लक्ष ठेवा. सगळा तळवा नडगीवरून वर-खाली फिरवला, तर बहुतेक वेळा हाडाच्या कडेने आलेली सूज असते, सराव कमी केल्यावर उतरते. पण एकच बोट एका जागी टेकवून ‘इथे’ म्हणाली, आणि तुम्ही तिथे अंगठा दाबल्याबरोबर तिने पाय ओढून घेतला, तर हाडाला केसाएवढी चीर पडलेली असू शकते. त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. पडून-झडून होत नाही. रोज थोडं थोडं झिजतं, रात्री भरून यायला हवं तेवढं येत नाही, आणि एक दिवस तडा जातो. ‘एका पायावर उडी मारून दाखव’ असं मात्र घरी करून बघू नका. ते डॉक्टरांना करू द्या.

आता दुसरी ओळ. परीक्षेच्या ताणाने पाळी लांबते हे खरं आहे. पण डिसेंबर ते एप्रिल म्हणजे चार महिने झाले. खेळणाऱ्या मुलींना असंच होतं, असं आपल्या वाड्यावरच्या बायकाच काय, काही सरही सांगतात. होतं हे खरं, चालतं हे खोटं. घरात पैसा कमी यायला लागला की आपण तांदूळ-मीठ बंद करत नाही, कौलं शाकारायचं पुढे ढकलतो. यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू. शरीरही तसंच करतं. सरावात खर्च होतंय तेवढं ताटातून येत नसेल तर हृदय, मेंदू चालू ठेवतं आणि पाळी बंद करतं. पाळी बंद म्हणजे हाडं घट्ट करणारं संप्रेरक कमी. शाकारणी राहिलेल्या घरावर आपल्याकडचा पाऊस पडला की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्या ता. क. मधल्या दोन ओळी वेगळ्या नाहीत, ताई. मला त्या एकाच दुखण्याच्या वाटतात.

तेव्हा या आठवड्यात तिला घेऊन गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, जा. एक दिवस हाडांच्या ओपीडीत, एक दिवस स्त्रीरोगतज्ज्ञांकडे. सुरुवातीच्या एक्स-रेत अशी चीर बऱ्याचदा दिसत नाही. त्यामुळे एक्स-रे चांगला आला म्हणून हुश्श करू नका, ‘खेळाडू आहे, उडी मारते, एमआरआय लागेल का’ असं स्वतःहून विचारा. हिमोग्लोबिन, लोहाचा साठा, ड जीवनसत्त्व, थायरॉइड या तपासण्या ते सांगतीलच. पाळीबद्दल विचारताना डॉक्टर मुलीला दोन-चार खासगी प्रश्न विचारतील. तेव्हा पाच मिनिटं तुम्ही बाहेर थांबा, वाईट वाटून घेऊ नका. ते सगळ्याच मुलींना विचारतात. आणि डॉक्टरांचा निकाल येईपर्यंत उडी घ्यायच्या फळीवर एकही उडी नाही. सरांना माझं नाव सांगितलंत तरी चालेल.

मी एवढं घाईने का लिहिते आहे? १९८६ साली मी एकोणीस वर्षांची होते आणि माझी नडगी तीन महिने दुखत होती. आमच्या वेळच्या सरांनी बाम लावून शेक दे म्हटलं. मी दिला. आईला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर स्पर्धेला पाठवलं नसतं. पाळीचं तर बोलायचीच सोय नव्हती, उलट कटकट गेली म्हणून बरंच वाटत होतं. स्पर्धेत चौथ्या उडीला फळीवर पाय टेकला आणि वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. तो आवाज वाळूच्या खड्ड्याच्या पलीकडे दगडावर बसलेल्या माझ्या मैत्रिणीने ऐकला होता. प्लास्टर, काठी, एक वर्ष गेलं. माझी सगळ्यात लांब उडी ५.३४. ती त्याच्या आधीची आहे.

तुमची मुलगी पंधराव्या वर्षी ५.३१ वर आहे, हे वाचताना मला काय वाटलं असेल ते बघा.

बरं, आता तो कागद. फोटो धूसर आहे पण वाचता येतो. सहा खाने: फुली, ५.१२, फुली, ५.३१, फुली, फुली. वाऱ्याचा रकाना कोराच. तुम्ही लिहिता, सहातल्या चार फाऊल म्हणून बाबा चिडले, लक्ष नाही म्हणाले. मला त्या चार फुल्या दोन आकड्यांपेक्षा जास्त सांगून जातात. मूळ पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की वर्षभरात युनिफॉर्मची सलवार दोनदा उसवून लांब करावी लागली. पोरीचे पाय वाढलेत, एक ढांग वाढली, वेगही वाढला असणार. रनअप, म्हणजे उडीआधीची धाव, मात्र गेल्या वर्षीच्याच खुणेवरून घेत असेल. चौदा ढांगांत प्रत्येकी दोन बोटं जरी वाढली तरी फळीपाशी पाऊल हातभर पुढे पडतं. मग एक तर रेघ ओलांडते, लाल झेंडा. नाही तर शेवटच्या तीन पावलांत स्वतःला आवरते, बारीक पावलं टाकते आणि फळीच्या मागूनच उडते. उडी मोजतात ती फळीच्या खड्ड्याकडच्या रेघेपासून, पाऊल कुठून सुटलं तिथून नाही. ती ५.३१ फळीच्या वीतभर मागून निघालेली असेल तर अंगातली उडी साडेपाचच्या पुढची आहे, कागदाला ती दिसली नाही एवढंच. आणि दर वेळी तसं थबकून पाय आपटला की तो मार नडगीवर बसतो, तेही आहेच.

म्हणजे यातली बरीचशी गोष्ट टेप घेऊन मोजण्याची आहे. बेंगळुरूला न जाताही होणारी. रनवेच्या बाजूला टेप पसरायची, मुलीने दहा वेळा नुसतं धावायचं, उडायचं नाही, आणि तिच्या उडीच्या पावलाशी कुणीतरी दरवेळी खडूची रेघ मारायची. दहा रेघा बघितल्या की खूण किती मागे न्यायची ते कळतं. मागचा वारा असेल तर आणखी थोडी मागे, तोंडावर असेल तर पुढे. बांबोळीच्या मैदानावर दुपारनंतर वारा फिरतो, तिथे ही खूण सकाळी एका जागी आणि दुपारी चार वाजता दुसऱ्याच जागी येते. हे सगळं पाय बरा झाल्यावर. मी आधीच सांगून ठेवते, कारण तुम्ही हे वाचून दाखवलंत की ती लगेच टेप शोधायला उठेल.

बेंगळुरूच्या कोचनी ‘स्प्रिंग’ म्हटलं ते उगाच नसावं. अकराव्या आलेल्या मुलीत कुणी काही पाहिलं याचा अर्थ त्यांनी आकडा सोडून धावणं बघितलं, हे मला आवडलं. पण ‘जूनमध्ये’ आणि ‘तीन वर्षांत’ हे दोन शब्द मला आवडले नाहीत.

उडीत घाई कुणाला असते? पालकांना, कोचला, पंधरा वर्षांच्या मुलीला. हाडाला आणि स्नायूला नसते. लांब उडीवाल्या अंजू बॉबी जॉर्जने २००३ साली पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत ६.७० मीटरवर कांस्य घेतलं तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. पुढच्या वर्षी अथेन्स ऑलिंपिकला ६.८३ गेली. तो राष्ट्रीय विक्रम वीस वर्षांनंतरही उभा होता. (तिला एकच मूत्रपिंड आहे आणि वेदनाशामक गोळ्या सोसत नाहीत, हे तिने २०२० मध्ये स्वतःच सांगितलं. गोळी खाऊन उडी मारणाऱ्या प्रत्येक मुलीला मी हे ऐकवते.) आपल्या जवळचं बघा. नाशिक जिल्ह्यातला सर्वेश कुशारे, उंच उडीवाला. गाद्या नव्हत्या म्हणून मक्याचा भुसा भरलेल्या पोत्यांवर पडून शिकला. २०२५ साली टोकियोच्या जागतिक स्पर्धेत २.२८ मीटर उडून सहावा आला, त्याची तोवरची सर्वोत्तम उडी. वय तीस.

तुम्ही म्हणाल, आणि शैली सिंग? बरोबर आहे. झाशीची पोर, आई शिवणकाम करणारी, लहान वयात बेंगळुरूला गेली आणि सतराव्या वर्षी २०२१ मध्ये नैरोबीला वीस वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत ६.५९ उडून रौप्य घेऊन आली. सोनं एका सेंटिमीटरने गेलं. बाहेर गेल्याने काही मुलींचं सोनं होतं, हे मी नाकारत नाही. पण पुढचं कुणी सांगत नाही. २०२३ मध्ये ती ६.७६ गेली, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांच्या मेहनतीचे सतरा सेंटिमीटर. एका वितीपेक्षाही कमी. या खेळात वर जाता जाता प्रगती अशी बोटांनी मोजायची असते, आणि मधे दुखापत झाली की तीही पुसते. मुरली श्रीशंकर २०२३ मध्ये लांब उडीत ८.४१ उडाला, देशाची आशा होता. २०२४ च्या एप्रिलमध्ये सरावात गुडघा गेला आणि पॅरिस ऑलिंपिक टीव्हीवर बघावं लागलं. त्याच्यामागे तर स्वतः तिहेरी उडीपटू असलेले वडीलच कोच होते.

तिहेरी उडीचंही सांगते, कारण तुमच्या मुलीने तीच मनात धरलेली दिसते. छान उडी आहे, माझी आवडती. ज्या पायाने सुटलो त्याच पायावर उतरायचं, लगेच पुन्हा सुटायचं, दुसऱ्या पायावर उतरून तिसरी उडी खड्ड्यात. मधल्या टप्प्याला एका पायावर क्षणभर शरीराच्या वजनाच्या दहापटीहून जास्त भार येतो. तुमची मुलगी पंचेचाळीस किलोची असेल तर हिशोब तुम्हीच करा, आणि तो भार कुठल्या नडगीवर येणार तेही बघा. भारताची तिहेरी उडीची पहिली मोठी गोष्टच मुळी दुखापतीची आहे. १९४८, लंडन ऑलिंपिक. हेन्री रिबेलो, वय एकोणीस, अंतिम फेरीत पोचलेला. उडीला निघणार तोच एका बक्षीस समारंभासाठी त्याला थांबवलं. थंडीत उभा राहिला, अंग निवलं, मग धावला आणि मांडीचा स्नायू फाटला. २०२२ साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत एल्डोस पॉल १७.०३ आणि अब्दुल्ला अबूबकर १७.०२, सोनं-रूपं दोन्ही आपली, तेव्हा मी टीव्हीसमोर एकटीच टाळ्या वाजवत होते. तुमच्या मुलीला तिहेरी उडी करायची असेल तर करू दे, पण पाय भरून आल्यानंतर, गवतावर, चार-सहा पावलांच्या धावेने. आणि त्याआधी लंगडी. हसू नका. दोन्ही पायांवर नीट लंगडी घालता येणारी मुलगी तिहेरी उडीत अर्धं काम करून आलेली असते. शाळांनी लंगडी सोडली हे एक माझं जुनं दुखणं आहे, ते आज राहू दे.

आता यजमान. त्यांच्यावर तुम्ही एक पान भरून रागावलाय. मला त्यांचं म्हणणं पटतं, अर्धं तरी. २०१२ ला खाणी बंद झाल्या, मग सुरू झाल्या, २०१८ ला पुन्हा बंद. डिचोली-सत्तरीत ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले त्यांच्या दारात ते गंजताना आपण सगळ्यांनी पाहिले. सगळं घर एकाच गोष्टीवर टाकलं आणि ती गोष्ट एका सकाळी थांबली, तर काय होतं हे तो माणूस जगून आलाय. मुलीचं सगळं आयुष्य एका नडगीवर टाकायला तो नको म्हणतोय. त्याला तसं बोलता येत नाही, म्हणून ‘उड्या मारून पोट भरत नाही’ म्हणतो.

पोटाचं खरं सांगते. उडीवर थेट पोट भरणारे देशात हाताच्या बोटांवर. पण उडीमुळे पोटाला लागलेले पुष्कळ आहेत: रेल्वेत, पोलिसांत, सैन्यदलांत खेळाडू म्हणून घेतलेले, शारीरिक शिक्षणाची पदवी करून शाळेत लागलेले, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून (एनआयएस) कोचिंगचा डिप्लोमा केलेले. माझ्या हाताखालून गेलेल्यांपैकी एक आज फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्यापेक्षा जास्त पोरांचे पाय वाचवते. नर्सिंग आणि उडी यांत भांडण नाहीच. तेजस्विन शंकर उंच उडीचा राष्ट्रीय विक्रमवीर. अमेरिकेतल्या विद्यापीठात शिष्यवृत्तीवर शिकता शिकता उडत होता, आणि २०२२ ला राष्ट्रकुलचं कांस्य घेऊन आला. सायन्स घेतलं तर तिला एक मजेची गोष्ट कळेल. अकरावीच्या भौतिकशास्त्रात सांगतात की पंचेचाळीस अंशात फेकलेली वस्तू सगळ्यात लांब जाते. लांब उडीवाले वीस अंशांच्या आसपासच सुटतात, कारण पंचेचाळीस अंशांसाठी धावेचा वेग मोडावा लागेल. हे बाबांना जेवताना समजावून सांगायला लावा. दोन महिन्यांचा अबोला तेवढ्याने सुटला तर बघू.

दहावीच्या गुणपत्रिकेसाठी खेळाचे गुण शाळेमार्फत जातात, तिची प्रमाणपत्रं सरांनी भरली आहेत ना ते विचारून घ्या. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही हातात देऊ नका, झेरॉक्स द्या. जन्मदाखलाही नीट ठेवा. वयोगटाच्या स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून वय तपासतात, तेव्हा कागदांचा घोळ नको.

आणि गोव्यात राहण्याचा एक धोका आहे, तोही लिहायला हवा, नाही तर तुम्हाला वाटेल मी तिला इथेच बांधून ठेवतेय. आपलं राज्य लहान. इथे पहिलं येणं आणि देशात अकरावं येणं एकाच उडीने होतं. दोन वर्षं पहिली आली म्हणजे तिला इथे ढकलणारं कुणी नाही. बांबोळीचा ट्रॅक चांगला आहे, २०१४ च्या लुसोफोनियाला (पोर्तुगीजभाषक देशांच्या स्पर्धा) आणि २०२३ च्या राष्ट्रीय स्पर्धांना देशोदेशीचे, राज्याराज्यांचे खेळाडू त्यावर धावून गेले, पण साखळीहून पणजीला बस बदलून तिथे पोचेपर्यंत मुलीचा जीव अर्धा होतो. जून ते सप्टेंबर खड्ड्यातली वाळू थापून सिमेंटसारखी बसते. तेव्हा कधी ना कधी तिला बाहेर जावंच लागेल. माझं म्हणणं एवढंच, यंदाच्या जूनमध्ये नाही. यंदाचा पाऊस पायाला द्या. डॉक्टर हो म्हणतील तेव्हा सायकल, मग पोट-कमरेचे व्यायाम, मग चालणं, मग गवतावर धावणं. गणपतीच्या चवथीपर्यंत उडी नाही असं धरून चाला, लवकर परवानगी मिळाली तर देवाची कृपा.

दरम्यान बेंगळुरूच्या सरांना फोन करा आणि मुलीचा पाय दुखतोय, एक वर्ष थांबतो असं सांगा. काय उत्तर येतं ते ऐका. ‘थांबा, बरी झाली की कळवा, रिपोर्ट पाठवा’ म्हणाले तर माणूस कामाचा. ‘इकडे आणा, आम्ही ठीक करतो, हे वर्ष गेलं तर गेलं’ म्हणाले तर फोन ठेवून द्या. पुढच्या मार्चमध्ये जायचं ठरलं तर आधी नवरा-बायको दोघं जाऊन दोन दिवस राहून या. तीन वर्षांपूर्वी तिच्याच वयाच्या ज्या मुली तिथे आल्या होत्या त्यातल्या किती अजून उडतात, ते विचारा. त्यातल्या एकीच्या आईचा नंबर मागा. हॉस्टेलवर बाई वॉर्डन आहे का, फिजिओ कोण, मालिश कोण करतं आणि दार उघडं ठेवून करतं का, मुलीजवळ फोन राहतो का, शाळा कुठली. हे विचारताना लाज वाटू देऊ नका. चांगल्या कोचला या प्रश्नांचा राग येत नाही. पैशाचं म्हणाल तर खेलो इंडियाच्या योजनेत निवड झाली की राहणं-शिकणं सरकारकडून आणि हातखर्चाला महिना दहा हजार मिळतात. साडेपाचच्या पुढच्या पाच-सहा सरळ (फाऊल नसलेल्या) उड्या कागदावर असलेली, न दुखणारी मुलगी अशा निवडीसाठी उभी राहू शकते. तसं झालं तर अठरा हजारांचा प्रश्नच उरत नाही.

पावडरचा डबा आजच्या आज बाहेर. त्यात काय आहे ते डब्यावर लिहिलेलं असतंच असं नाही, आणि राष्ट्रीय स्पर्धेत नाडाची (उत्तेजक द्रव्यं तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची) माणसं अल्पवयीन मुलींचीही लघवी तपासतात. अंगात सापडलं की ‘मला माहीत नव्हतं’ याला किंमत नाही. कित्येक मुलं अशीच अडकलीत. त्या जिमवाल्या मुलाशी भांडू नका, त्यालाही कुणीतरी विकलेला असेल.

डब्याऐवजी ताट बघा. तुम्ही लिहिता, पहाटे साडेपाचला चहा-बिस्किटावर जाते, रात्री ‘जड वाटतं’ म्हणून अर्धीच भाकरी. कुणीतरी तिला हलकी हो म्हटलंय, विचारून बघा, कोण ते कळेल. सकाळी निघताना केळं किंवा तिजाण (नाचणीची पातळ खीर), आल्याबरोबर पेज आणि अंडं, दुपारी उकडा भात पोटभर, अळसांद्यांचं (चवळीचं) तोणाक, बांगडा नाही तर तारले. सोमवारी आणि श्रावणात मासे नाहीत तेव्हा कडधान्य आणि दूध-दही वाढवा, तेवढ्यासाठी श्रावण मोडा असं मी सांगणार नाही, तुमच्या सासूबाईही हे सदर वाचत असतील. वजनकाटा घरात असेल तर शेजारी देऊन टाका.

‘तिचं काही होईल का’ असं विचारलंत. मला सांगता येत नाही, आणि पंधरा वर्षांच्या मुलीबद्दल छातीठोक सांगणाऱ्यापासून सावध राहा. पुढच्या मार्चमध्ये माझ्यासमोर तीन गोष्टी ठेवा, मग बोलू: किती महिने न दुखता गेले, पाळी किती वेळा आली, आणि पहिल्या तीन सरळ उड्यांची सरासरी काय. सगळ्यात लांब एक उडी नको, सरासरी.

तिला ‘उडी सोडते’ म्हणू नको म्हणा. आणि एक विचारायचं राहिलं. त्या कागदाच्या फोटोत शेवटच्या फुलीपुढे कुणीतरी पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढलंय. ते तिचं असेल तर सहाव्या उडीला तिला काय वाटलं होतं, पाऊल रेघेच्या अलीकडे होतं का, एवढं तिला स्वतःला मला लिहायला सांगा. घरी आपण कोकणीत बोलतो, तिने कोकणीत लिहिलं तरी चालेल.